हजर आहे, पण ओ देत नाही

बाई, आज दुपारी मी नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय काही लागेना. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, दुकानात देऊन टाक ना, या वयात कशाला डोकं पिकवतेस?" मी फोन ठेवला, काळी खिडकी उघडली आणि सगळ्यात आधी ती आज्ञा टाइप केली, यंत्राच्या पोटात काय काय बसवलेलं आहे ते ओळीने दाखवणारी. तिला तुम्ही हजेरी म्हणायचात. यादीत वायफायचं कार्ड होतं. म्हणजे हजर आहे, पण ओ देत नाही. त्याच्याशी बोलू शकेल असा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा शोधायचा. मी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत तुमच्याशी बोलत राहिले, चक्क मोठ्याने. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून खपलं.

डोंगरकडा गावच्या मुलींच्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापिका होतात, गणित शिकवायचात, आणि मी हिंगोलीहून एसटीने ये-जा करणारी इंग्रजीची शिक्षिका. मी औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. "ये कॉन्व्हेंट, हिकडं बस," एवढंच. पहिल्या वर्षी ते मला टोचायचं. पुढे तुम्ही रजेवर असलात की शाळा सुनी वाटायची, कारण तशी हाक मारणारं कुणी नसायचं. तुमचं माहेर शिरड शहापूरचं, शेतीवाडीचं. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की माहेरची. मला तुमच्या दोन्ही भाषा आवडायच्या.

शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतले वापरून झालेले संगणक आपल्याकडे आले. आतलं सगळं पुसलेलं. हिंगोलीचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, मी सिस्टीम घालून देतो ना, विकत कशाला घेता? सगळेच अशीच कॉपी टाकतात." तुम्ही त्याच्याकडे कॉपी करताना पकडलेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलंत. "सगळे टाकत असतील. माझ्या शाळेत चोरीचा माल न्हाई." मग एका मासिकासोबत मिळालेली लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दुसऱ्या एका सिस्टीमची, सीडी आपण आणली. ती फुकट होती आणि तिची कॉपी करायला परवानगी होती, हे मी तुम्हाला इंग्रजीतून वाचून दाखवलं. तुम्ही ते दोनदा वाचून घेतलंत.

संगणक सुरू झाले, पण एकमेकांना ओळखेनात. आणि प्रिंटर एकच. संस्थेचे सचिव एकदा डोकावले आणि म्हणाले, "बाई, पोरींना ह्याचं काय करायचं? दिवाळीनंतर येतो मी. तवर चालू झाले तर ठीक, न्हाई तर पोरांच्या शाळेत नेतो. ती खोली बी गोदामाला होईल." ते गेल्यावर तुम्ही खोलीला कुलूप लावलंत, किल्ली माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "तुला इंग्रजी येतंय, मला गणित. आजून काय लागतं?"

आजही ते दिवस डोळ्यांसमोर आहेत. शाळा सुटलेली, वीज आहे तोवर घाई. संगणकांची झाकणं काढून आपण सतरंजीवर बसलोय. मी हिंगोलीच्या सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद वाचतेय, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ऐकताय. नेटवर्कची कार्डं खोक्यांसकट आली होती, खोक्यावर कंपनीचं नाव ठसठशीत. त्या नावाचा ड्रायव्हर आपण घातला, काढला, पुन्हा घातला. यंत्राचं उत्तर एकच, असं काही इथे नाही. दोघीही त्या खोक्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. मग एका दुपारी तुम्ही विज्ञानाच्या कपाटातलं भिंग आणलंत, कार्डावरच्या काळ्या चिपवर धरलंत आणि मला म्हणालात, "वाच बरं, काय लिव्हलंय." चिपवर वेगळंच नाव, वेगळाच क्रमांक.

"आगं, हे तर आपल्या पोरींसारखं झालं," तुम्ही म्हणालात. "घरी हाक मारायचं नाव येगळं अन् दाखल्यावरचं येगळं. आपून खोक्यावरच्या नावानं हाका मारून राहिलो. ते कसं ओ देईल?"

चिपच्या क्रमांकाचा ड्रायव्हर मी फ्लॉपीवर आणला. पहिली फ्लॉपी वाटेतच खराब झाली. दुसऱ्या दिवशी दोन प्रती केल्या, रुमालात गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि इंजिनाची धग फ्लॉपीला लागू नये म्हणून तिथली हक्काची जागा सोडून मागच्या बाकावर हादरे खात आले. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "कंबर मोडली तरी चालंल, फ्लॉपी नगं मोडू." त्यानंतर एकेक यंत्र बोलायला लागलं. एकच हटून बसलं. त्याच्यात आवाजाचं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड यंत्राकडे बसायला एकच क्रमांक मागत होती. मी कागदांत त्याचं पान शोधत होते, तुमचा निकाल आधीच लागला होता. "दोघींना एकच बाक पाहिजे. एकीला उठव. गाणी काय ऐकायची न्हाईत आपल्याला."

तुमची पद्धत मला तेव्हा फार संथ वाटायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, नाही जमलं तर ती जागच्या जागी ठेवून मगच दुसरीला हात लावायचा. मी घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या की तुम्ही रागवायचात. "आता काहून चाललं ते सांग. न्हाई सांगता येत ना? मग ते चाललं न्हाई." चालू झालेलं यंत्र तुम्ही मला पुन्हा बंद करायला लावलं होतंत, आठवतं? आणि हे सगळं आपण दोघींपुरतं ठेवायचं नाही, मुलींना बसवून त्यांच्याच हातून करून घ्यायचं, हाही तुमचाच हट्ट.

सचिव आले त्या दिवशी शिपाईमामांनी त्यांच्या खुर्चीसाठी टेबलं सरकवली होती. आठवीतली एक मुलगी, हळद काढायच्या दिवसांत शाळेत न दिसणारी, कोपऱ्यातल्या संगणकावर बसली. तिने तिथे टाइप करायचं आणि दुसऱ्या टोकाच्या प्रिंटरवर छापून दाखवायचं, असं ठरलं होतं. तिने शाळेचं नाव इंग्रजीत लिहिलं, छापायची आज्ञा दिली. काहीच झालं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी बसल्या जागी टेबलाची कड घट्ट धरली. तुमचा हात माझ्या खांद्यावर आला. "बसून ऱ्हा," तुम्ही हळूच म्हणालात. "बिघडलंय तिचं, बघू दे तिला."

"बाई, मला कळमनुरीला जायचंय," सचिव म्हणाले.

"चहा येऊन राहिला, साहेब. घेऊन जावा."

मुलीने हजेरी घेतली. पडद्यावर बोट टेकवून ओळीमागून ओळ वाचत गेली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, कार्ड गैरहजर हाय." म्हणजे ड्रायव्हरचा दोष नव्हताच. तिने वीज बंद केली, झाकण काढलं. टेबल सरकवताना कार्ड खाचेतून उचललं गेलं होतं. अंगठ्याने दाबून तिने ते बसवलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ती जुनी यंत्रं जागी व्हायला किती वेळ घ्यायची. सचिवांचा चहा संपला, बशी खाली गेली. मग पलीकडे प्रिंटर करकरला.

सचिवांनी कागद हातात घेतला. "पोरांच्या शाळेत हे असं उघडून बघणारं हाय का कुणी?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "पाठवा त्यांना. आमच्या पोरी शिकवतील."

ते हसले. "ऱ्हाऊ द्या बाई, हितंच ऱ्हाऊ द्या."

त्या संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तुम्ही म्हणालात, "तू धीरानं बसलीस म्हणून झालं हे. दुसरी कुणी असती तर पोरीच्या हातातून काढून घेतलं असतं." पुढे हे तुम्ही प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगितलंत, तुमच्या निरोपसमारंभात सांगितलंत, आणि शेवटी नांदेडच्या दवाखान्यात, धाप लागत असताना, तुम्हाला भेटायला माझ्यासोबत आलेल्या माझ्या मुलालाही. दर वेळी मी मान खाली घालून हसले.

हे लिहितेय त्या फाईलला मी अजून नाव दिलेलं नाही, देणारही नाही. तुमच्याशिवाय ही दुसऱ्या कुणासाठी नाही, आणि तुमच्यापर्यंत ती जायची नाही. म्हणूनच लिहिता येतंय. बाई, तो धीर नव्हता. खोली गेली, या एका विचाराने माझे पाय गळून गेले होते. तुम्ही त्या क्षणी "ऊठ" म्हणाला असतात, तरी मला उठता आलं नसतं.