मुक्या यंत्रांना सवलत

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोहोचलो. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि नवी पहारा-व्यवस्था चालू केली. आता कंपनीच्या नेटवर्कवर कोणीही सोम्यागोम्या चढणार नाही. भिंतीत वायर खोचली की आधी विचारणा होते: तू कोण, तुझं सॉफ्टवेअर ताजं आहे का, अंगात व्हायरस नाही ना. उत्तर बरोबर आलं तर आत, नाहीतर बाहेर. इतकी सरळ गोष्ट.

गावच्या शाळेत मी मॉनिटर होतो. उशिरा येणाऱ्यांना दारात अडवायचो. हेडमास्तर म्हणायचे, हा पोरगा पुढे दारावरच उभा राहणार. त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

संकल्प: सवलत कोणालाही नाही. मालकांनाही नाही.

मालक वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. मला काका म्हणतात. १९ तारखेला आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून नेटवर्कची तपासणी आहे. मालकांनी स्वच्छ सांगितलंय, "काका, एक जरी परका लॅपटॉप आत शिरला ना, तर हे काम बाहेरच्या कंपनीला. मग तुम्ही खाली गोदामात बसा." प्रेमाने म्हणाले. प्रेमाने म्हटलेलं जास्त लागतं.

घरी हिला अजून सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

अर्धं ऑफिस बाहेर. फोन घेऊन घेऊन कान लाल झाला. हिशेबाच्या बाई येऊन म्हणाल्या की पगाराची पत्रकं अडकलीत; पगार झाले नाहीत तर सगळ्यांना तुमच्या घरी जेवायला पाठवते. शिस्त लागायला वेळ लागतोच.

संध्याकाळी कळलं, प्रिंटरही अडकलेत. झाडून सगळे. पहाऱ्याने विचारलं, तू कोण? प्रिंटर काय बोलणार. मुकं बिचारं.

५ फेब्रुवारी, सकाळी

देवासमोर डोळे मिटून बसलो, तरी समोर प्रिंटरच. ज्याला तोंडच नाही त्याला नाव विचारायचं आणि उत्तर आलं नाही म्हणून हाकलायचं, हा अन्याय आहे. ठरवलं. प्रिंटरच्या वायरींवर विचारणा नाही. तिथे जे जोडलेलं असेल ते आत.

याला सवलत म्हणता येणार नाही. ही दया. आणि तीही तात्पुरती. सोमवारी काढून टाकायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विक्रीच्या साहेबांचा लॅपटॉप परत अडला. त्यांनी तो घेतल्यापासून अपडेट केलेला नाही. आवाज चढवला. मी हललो नाही. मग एकदम नरम झाले, चहा मागवला आणि विचारलं, काका, तुमच्या पहाऱ्यातून न विचारता कोणी सुटतं का हो? मी प्रिंटरची हकीकत सांगितली. वायर कुठली, विचारणा का होत नाही, सगळं कागदावर चित्र काढून. फार मन लावून ऐकलं. चित्र ठेवून घेऊ का, म्हणाले.

या ऑफिसात विषयाची गोडी असलेला एक तरी माणूस निघाला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तक्रार नाही. काल नाही, आज नाही. फोन गप्प. विक्री खात्यावरून गेलो, सगळे माना खाली घालून कामात. मला पाहून दोघे हसले. आदराने.

काल दया काढून टाकायची होती, ती राहिली. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिशेबाच्या बाईंचं गाऱ्हाणं: वरच्या मजल्यांवरचे सगळे प्रिंटर मेलेत, एक कागद छापायचा तर खाली गोदामात उतरावं लागतं, गुडघ्यांची वाट लागली. मी म्हटलं, जिने चढउतार केलेली प्रकृतीला चांगली. त्या गुडघा चोळत जिन्याकडे वळल्या. प्रिंटरवाल्याला फोन करायचा आहे. तपासणी झाली की करतो.

आज पहाऱ्याने सर्व्हरच्या खोलीतला माझाच कॉम्प्युटर अडवला. फार जुना, नवं सॉफ्टवेअर घेतच नाही. नवा मागायला मालकांकडे जायचं, म्हणजे पहारेकऱ्याचीच कागदपत्रं खोटी असं होईल. तपासणीपुरता तो प्रिंटर म्हणून नोंदवला. तसाही तो अबोल आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पहाऱ्याचा अहवाल वाचला. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरने दुपारभर क्रिकेटची मॅच पाहिली. मालकांच्या खोलीतल्या प्रिंटरने सोफ्यांचे भाव काढले. हल्लीचे प्रिंटर आपले आपणच काहीबाही उतरवून घेतात, असं कुठेतरी वाचलंय.

जेवताना हिला सहज सांगितलं. ही म्हणाली, "अहो, प्रिंटर कशाला मॅच बघेल? माणसं बघत असतील." मग भाजी वाढता वाढता म्हणाली की तुमचा भाचा आठवडाभर राहून गेला, त्याच्यासोबत त्याचा मित्रही राहत होता, हे तुम्हाला दोघं गेल्यावर कळलं. तुम्ही कसला पहारा ठेवताय.

पोट ठीक नाही म्हणून उठलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी

दुसऱ्या मजल्यावर गेलो. प्रिंटरवर धूळ. त्याच्या पाठीतली वायर काढून एका छोट्या डबीत खोचलेली, आणि डबीतून फाटे फुटून विक्रीचं सगळं खातं त्या एका वायरीवर. माझं चित्र भिंतीला चिकटवलेलं. साहेबांनी लांबून हात हलवला. मीही हलवला. खाली आलो.

दया काढली तर सगळे एकदम बाहेर, गोंधळ, मालकांच्या कानावर जाणार. नाही काढली तर परवा तपासणी. देवा, मला अक्कल दे, नाहीतर परवा ताप तरी दे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मार्ग सापडला. ऑफिस सुटल्यावर मजल्यामजल्यावर फिरलो, डब्या काढल्या, प्रत्येक प्रिंटरला त्याची वायर परत लावली आणि दोरीने आवळून बांधली. वडील गाय बांधायचे ती गाठ. ओढाल तितकी घट्ट होते. सकाळी लोक बोंबलतील, पण पाहुण्यांसमोर तोंड दाबूनच बोंबलतील.

कोणी काढून दाखवावी आता वायर. आज झोप लागणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणीच्या बाई आल्या. तिशीच्या असतील, पाठीला सॅक. मालक आणि मी मागे मागे. दुसऱ्या मजल्यावर प्रिंटरपाशी थांबल्या, गाठीकडे कौतुकाने पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने. मग खाली वाकल्या आणि वायर भिंतीतून उपटली.

भिंतीकडची बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तिथे स्वतःची वायर खोचली आणि थेट आत. पहिल्या झटक्यात पगाराची पत्रकं उघडली. मालकांनी स्क्रीनवरून नजर काढली ती जमिनीवर नेली. माझ्याकडे नाही. बाईंनी मग यादी पाहून विचारलं की सर्व्हरच्या खोलीतल्या टेबलावरचा प्रिंटर कुठल्या कंपनीचा आहे. मी म्हटलं, जुना आहे.

बाई गेल्यावर मालक काहीच बोलले नाहीत. प्रेमानेही नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गाठी सगळ्या शाबूत. लोक आता वायर भिंतीकडून काढतात. बाईंचं बघून शिकले. मालकांच्या खोलीतही तेच.

अजूनही दया काढलेली नाही. आता काढून काय, असं दर तासाला वाटतं. पण काल बाईंच्या जागी खरोखरचा चोर असता तर, हेही दर तासाला वाटतं. पगाराची पत्रकं म्हणजे काय नुसते आकडे आहेत? कोणाचं किती कर्ज कापलं जातं, कोणाचा पगार औषधात जातो, सगळं त्यात. माणसांना अडवलं आणि दार मात्र उघडं टाकलं. वर त्याला दया म्हणालो.

दिवसभर माझ्या प्रिंटरसमोर बसून होतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हिला सगळं सांगितलं. हातातलं काम ठेवून ऐकत होती. भाच्याचा विषय काढला नाही. शेवटी विचारलं, "गोदामात पंखा आहे का?" आहे म्हटलं. मग बघू, म्हणाली.

पंखा आहे. चालत नाही. ते नाही सांगितलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सर्व्हरच्या खोलीत गेलो. हात जोडले. दया काढून टाकली. एकही वायर सोडली नाही. माझीही नाही.

चहाच्या वेळेपर्यंत आख्खं ऑफिस बंद. फोन वाजला की एकच उत्तर दिलं: मशीन घेऊन खाली या, तपासतो, मग आत. कोणी आलं नाही. विक्रीच्या साहेबांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मालक स्वतः आले. लॅपटॉप उघडाच, तळहातावर धरलेला. दारातच उभे राहिले.

"काका, एकच पत्र जायचंय. तेवढं सोडा."

पत्र स्क्रीनवर होतं. बाहेरच्या कंपनीला. नेटवर्कचं काम उद्यापासून तुमच्याकडे, आमचे काका गोदामात जातील. 'आमचे' असं लिहिलं होतं. मी वाचलं हे त्यांना दिसलं. लॅपटॉप मिटावा की नाही हे त्यांना कळेना.

बोट सवयीने सवलतीच्या बटणाकडे गेलं. तिथेच थांबवलं. म्हटलं, "बसा. तुमचंही तपासावं लागेल."

बसले. जुनं सॉफ्टवेअर काढलं, नवं घातलं. व्हायरस निघाले, तेही काढले. जेवणाची वेळ टळून गेली. त्यांनी मध्ये एकदा घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. अखेर पहाऱ्याने विचारलं, तू कोण, आणि लॅपटॉपने धडधडीत खरं उत्तर दिलं. मी माझ्या हाताने तपासून आत घेतलेलं हे पहिलं यंत्र.

लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बोट पुढे नेलं, मागे घेतलं, आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

पत्र मी पाठवलं.