टाळू लवकर भरली म्हणून

आई,

बाळाला घेऊन हॉस्पिटलमध्ये चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

टाळू लवकर भरली म्हणून तुम्हीच शेजारीपाजारी कौतुक सांगत होतात. आता डॉक्टर म्हणतात, कवटीचे सांधे वेळेआधी जुळले, मेंदूला वाढायला जागा नाही, ऑपरेशन करावंच लागेल. तर तुमच्या मते मीच म्हणे त्याला एका कुशीवर निजवून डोकं बिघडवलं.

तिकडे हॉस्पिटलात अशाच मुलांच्या आया जमतात. परवा त्यातली एक, ओळख ना पाळख, मला म्हणाली, "तुझी काही चूक नाही गं." घरात हे कुणाच्या तोंडून निघालं नाही, तुमच्या मुलाच्याही नाही.

त्याचं वाकडं डोकं चारचौघांत झाकायला तुम्ही विणलेलं टोपरं खुंटीवर आहे. पाहुणे आले, तर नातू म्हणून तेच दाखवा.

– सून