गणितांची आढी

१२ मे २०२५, सोमवार. दुपारी ४.१०

पडवीत पेंढ्यावर पिकत घातलेल्या आंब्यांची आढी परतत होतो. ताई आली. हातात लेकीचा निकाल. संस्कृती पाचवीला गणितात नापास! जूनमध्ये फेरपरीक्षा. त्यातही गेली तर पुन्हा पाचवीच. भावोजींचा बोटीवरून फोन — तसं झालं तर पोरीला गुहागरला आत्याकडे ठेवा, तिथे शिस्त लागेल.

म्हटलं, मी अभ्यास घेतो. ताई म्हणाली, "आठवीत शाळा सोडलीस विनीत, तू कसले दिवे लावणार!"

खरं आहे. पण पोर घरातून जायला नको.

१३ मे

वेळापत्रक केलं. पट्टीने रेघा, तीन रंग. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

१७ मे

वेळापत्रक भिंतीवर. संस्कृती झाडावर.

१९ मे

कधी पट्टी हरवते, कधी वही. आज वही आढीत सापडली! ओरडणार होतो. तोवर ही आंबे परतायला बसली. "मामा, हे बुधवारचे, अजून दोन दिवस. हा आजच खा." एकही चूक नाही! चारशे आंबे डोक्यात, आणि पट्टी कुठे ते ठाऊक नाही!

रिकामी पेटी आणली. साठ चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक गणित, मागे उत्तर. म्हटलं, ही तुझी आढी. लाव.

तिने तीन थर केले. न येणारी कच्ची, अडखळत येणारी तयार होणारी, झटकन येणारी पिकलेली. रोज चारला परतायची.

२७ मे

पिकलेल्या चिठ्ठ्या काढून टाकत होतो. "थांब रे मामा! त्या पण मधनं मधनं बघायच्या. नाहीतर कुजतात."

वही, पेन्सिल, पट्टी — सगळं आता पेटीशेजारी असतं. मी सांगितलं नव्हतं.

५ जून

एका चिठ्ठीमागचं उत्तर मीच चुकवलेलं. तिने दाखवलं. फार लाज वाटली. "असू दे, तू पण कच्च्यात!" ताई आतून हसली.

१८ जून

फेरपरीक्षा. शाळेच्या फाटकाबाहेर दोन तास उभा.

धावत आली. "दोन कच्ची निघाली. सोडून पुढे गेले. शेवटी परत बघितली, एक आलं!"

घाबरली नव्हती. हेच पुष्कळ.

२५ जून

पास! पन्नासपैकी बत्तीस!

भावोजी फोनवर म्हणाले, "राहू दे तिथेच." ताईने न मागता तिसरं घावन वाढलं.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२७ जून

चार वाजता हाक मारली. आतून उत्तर — "माझं मी परतते. तू तुझं बघ!"

थोडा वेळ पायरीवर बसलो. मग सायकल काढून हायस्कूलला गेलो. बाहेरून दहावीला बसायचा अर्ज मागितला.

क्लार्कने विचारलं, "कोणासाठी?"

म्हटलं, माझ्यासाठी.