जांभळ्या पट्ट्या

७ जानेवारी
उत्कर्षानं आज शाळेत जायला साफ नकार दिला. वर्गातल्या कुणीतरी तिच्या कॅलिपरला खिडकीची ग्रिल म्हटलं. आठ वर्षांची पोर माझी — पायाला त्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बांधल्या तरच उभी राहते. तिच्या आईनं, दीपालीनं समजावलं, मी उगाच चिडलो. शेवटी उत्कर्षा म्हणाली, "बाबा, निदान जांभळ्या तरी असत्या."

१० जानेवारी
साधा रंग फासला तर चामड्याच्या पट्ट्यांखाली घासून पोपडे निघतात. अ‍ॅनोडायझिंग करावं लागेल. म्हणजे धातू आम्लात बुडवून वीज सोडायची, मग रंगात बुडवायचा. कॅलिपर बनवणारे रामदासकाका आधी नाहीच म्हणाले. मग तिच्या मापाची एक जादा जोडी दिली, आम्लात खराब होईल म्हणून सांध्याचं स्टील काढून. आपण तपासल्याशिवाय पोरीच्या पायात घालायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं.

१८ जानेवारी, रविवार
गच्चीवर पहिला प्रयत्न. हातमोजे, चष्मा, सगळं सोंग. रंगातून काढलेली पट्टी नळाखाली धरताच रंग वाहून गेला! तार सैल होती, वीज पट्टीत पोचलीच नव्हती. दीपाली खाली वाकून बघत म्हणाली, "छान. बादली मात्र पक्की रंगली."

२५ जानेवारी
झालं!
तार घट्ट आवळली. आम्लात बारीक बुडबुडे उठत राहिले. बाहेर काढली तेव्हा पट्टी जराशी मळकट, बाकी काहीच नाही. माझा धीर सुटला होता. गरम रंगात सोडली, काढली, धुतली — जांभळी! अंगठ्यानं घासलं, नखानं खरवडलं. रंग तसूभर हलला नाही. वीज धातूच्या अंगावर न दिसणारी असंख्य छिद्रं पाडते आणि ती रंग पिऊन घेतात. मग उकळत्या पाण्यात त्यांची तोंडं मिटतात. हे सगळं वाचलं होतं मी. पण हातात धरल्यावर पट्टी पुन्हा पुन्हा उलटून पाहत राहिलो.

उत्कर्षा गच्चीच्या दारातून बघत होती. पट्टी उन्हात फिरवत हळूच म्हणाली, "बाबा, आतून चमकतंय."

२ फेब्रुवारी
काकांनी जाडी मोजली, वाकवून पाहिलं, मगच बसवल्या. पोर शाळेत गेली. पायजमा नाही, फ्रॉक घालून.

१५ जून
उंची वाढली, नवी जोडी आली, बिनरंगाची. या वेळी कुठला रंग, मी विचारलं.
"नको बाबा. अशाच राहू देत."
आणि दप्तर घेऊन निघालीसुद्धा.