झाकण बसल्याचा आवाज

३ मार्च
वही, रागावू नकोस. जानेवारीपासून रोज लिहीन म्हटलं होतं आणि मार्च उजाडला. उशीर झाला, माफी असावी. पण दोष माझा नाही. ऑफिसचा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर असला की माणसाला जेवायला फुरसत मिळत नाही, लिहायला कुठली?

ऑफिस बाटल्या-झाकणांचं. मोठ्या भावाने सुरू केलं, आता पुतण्या बघतो. म्हणजे खुर्चीत तो बसतो, बघतो मी. सातवीत शाळा सोडली ती थेट इथे. कुठल्या बाटलीला कुठलं झाकण, झोपेतून उठवून विचारा. भावाने एकच नियम घातला होता: संध्याकाळी दिवा मालवायच्या आधी उघडं दिसेल ते तोंड बंद करायचं. आजवर मोडला नाही.

आज माझ्या टेबलावरचा प्रिंटर उचलून हिशेब बघणाऱ्या चष्मेवालीच्या टेबलावर नेला. मला विचारलं? छे. वरून त्याची वायर तशीच टाकून दिली. एक टोक भिंतीवरच्या नेटच्या डब्यात, दुसरं जमिनीवर लोळतंय. डब्यात शेजारीच एक भोक रिकामं. जाताना ते लोळतं टोक त्यात बसवलं. टक् असा आवाज झाला, अगदी झाकण बसल्यासारखा. तेवढंच दिवसभरात बरं वाटलं.

४ मार्च
कॉम्प्युटर मेला. म्हणजे नेटची वायर लावली की मरतो, काढली की जिवंत. लावली की बाण जागच्या जागी थिजतो. शिव्या दिल्या तरी हलत नाही.

चष्मेवाली म्हणते, काका, माझाही हँग होतोय. नाटक. लगेच मोबाइलचं नेट जोडून कामाला लागली. तयारीच होती म्हणायची.

आणि आजच पुतण्याने सांगायचं होतं! गोदामातला सगळा शिल्लक माल महिनाअखेरपर्यंत कॉम्प्युटरवर चढवायचा, नेटवरून थेट त्याच्या केबिनमध्ये दिसला पाहिजे. म्हणाला, काका, जमलं तर छानच. नाही जमलं तर ती करेल, तुम्ही घरी आराम करा आता.

आराम! आमच्या घरी ही आहे. आराम तिला सोसत नाही, दुसऱ्याने केलेला तर मुळीच नाही.

संकल्प: रोज दोन पानं माल चढवणे. कुणाची मदत न घेणे.

६ मार्च
मदत घेतली नाही. स्वतः उपाय केले. कॉम्प्युटर तापतो असं माझं निदान. टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. चष्मेवालीचे कागद उडाले, तो तिचा प्रश्न. मग वायरीला पीळ पडलाय का बघितलं, सरळ केली, ओल्या फडक्याने पुसली. पुतण्या ओरडला, काका, ओलं फडकं नको! त्याच्या बापाला मी सायकल शिकवली.

माल चढवला: शून्य पानं. पण तयारी पुष्कळ झाली.

९ मार्च
पुतण्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बोलावला. पाठीवर भली मोठी बॅग, आत काय असतं देव जाणे, मला तर डबाच दिसला जेवणाचा. बसल्याबसल्या विचारतो, आजोबा, प्रॉब्लेम काय आहे?

आजोबा! काका म्हण म्हटलं. सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, प्रिंटरच्या अन्यायासकट. तो ऐकतच नव्हता. स्वतःचा लॅपटॉप काढला आणि डब्यातून एक टोक खस्सकन उपटून त्याला लावलं. मी बसवलेलंच टोक! थोडं खुडखुड केलं, म्हणाला, बघा, चालतोय की.

चालत होता. मेला माझ्यासमोर कसा अडतो आणि याच्यासमोर कसा चालतो? म्हणाला, काका, तुम्हाला घाबरत असेल. चष्मेवाली खुदकन हसली. दोघांची आधीची ओळख असणार.

गेला तेव्हा वायर पुन्हा लोंबत टाकून. चहाचा कप तसाच, बिस्किटाचा चुरा तसाच, वायर तशीच. घरी वळण कसलं ते नाहीच. संध्याकाळी सगळं आवरलं. कप धुतला, चुरा झाडला, वायर बसवली. टक्.

१० मार्च
हँग. म्हटलंच होतं मी! बॅगवाला वरवर काहीतरी करून गेला. आजकाल मुळापर्यंत जायला नकोच कुणाला.

१३ मार्च
बॅगवाला परत आला. मी नमस्कार केला नाही.

पुन्हा तेच. टोक उपटलं, लॅपटॉप लावला, माझा कॉम्प्युटर घोड्यासारखा पळायला लागला. मी म्हटलं, तू असेपर्यंतच चालतो. म्हणाला, मग मला जावई करून घ्या, इथेच राहतो. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली नसती तरी याला दिली नसती.

मी विचारलं, तुझं शिक्षण काय? म्हणाला, इंजिनियर. मी म्हटलं, इंजिनियरला वायर उचलून ठेवता येत नाही? म्हणाला, अहो काका, ती राहू द्या तशी, परत लागेल मला.

परत लागेल! म्हणजे परत यायचंच आहे. धंदा आहे यांचा. बिघडवून जायचं आणि दुरुस्तीला यायचं. हे पुतण्याच्या लक्षात आणून दिलं. तो कपाळ चोळत बसला. पटलं असावं.

संध्याकाळी आवराआवर. टक्.

१४ मार्च
हँग. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला लिहू. चष्मेवालीला म्हटलं, बघ तुझा इंजिनियर. ती म्हणाली, काका, माझा कशाला, तुमचाच आहे, तुमच्याचसाठी तर येतो. फार लांब जीभ.

तिने एक गोष्ट विचारली, ती लिहून ठेवतो. म्हणाली, हे नेहमी सकाळीच का बिघडतं हो? तो येऊन गेला की संध्याकाळी घरी जाताना तर चालू असतं. मी म्हटलं, रात्री गार पडतं म्हणून.

१७ मार्च
पुतण्याने केबिनमध्ये बोलावलं. महिनाअखेर जवळ आली, एक पान चढलेलं नाही. मी म्हटलं, कॉम्प्युटर चालू द्या, रात्रीचा दिवस करीन. म्हणाला, काका, आणखी एकदाच त्याला बोलावतो. आता नाही झालं तर माल तिच्याकडे, टेबलसुद्धा तिलाच. मग तुम्ही नाराज व्हायचं नाही.

माझं टेबल खिडकीशी आहे. भावाने स्वतः तिथे लावून दिलं होतं. डोळ्यांत काहीतरी गेलं, गोदामातली धूळ असते.

संकल्प: बॅगवाल्यावर नजर ठेवणे. रंगेहाथ पकडणे.

२० मार्च
बॅगवाला दुपारी आला. टोक उपटलं, चालू झालं. मी वाट बघत होतो कधी जातो. जाईना. खुर्ची ओढून कोपऱ्यात बसला, म्हणाला, आज मी ऑफिस बंद होईपर्यंत थांबणार. चष्मेवालीने सांगितलं म्हणे थांबायला. दोघांचं संगनमत.

मी त्याच्यावर नजर ठेवली, तो माझ्यावर. पाणी प्यायलो तरी बघतो.

संध्याकाळ झाली. त्याच्या नाकावर टिच्चून मी रोजच्यासारखं आवरायला घेतलं. गोंद बंद, पेन बंद, पाण्याची बाटली बंद. मग डब्यापाशी गेलो, वायर उचलली आणि बसवली. टक्.

मागे वळलो तर तो उभा. चष्मेवाली उभी. पुतण्या केबिनच्या दारात.

बॅगवाला म्हणाला, काका, हे रोज करता?

म्हटलं, रोज. कुणाला तरी करायलाच हवं.

मग त्याने माझा कॉम्प्युटर लावून दाखवला. बाण थिजला. वायर उपटली, पळाला. बसवली, थिजला. लहान पोराला खेळणं दाखवावं तसं तीन वेळा. म्हणाला, एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की निरोप बाहेर पडायची वाटच चुकतो, आतल्या आत गोल फिरत राहतो, त्या गर्दीत बाकी सगळे अडकतात.

मी म्हटलं, निरोप फिरत राहिला तर बिघडलं कुठे? हरवला तर नाही ना?

चष्मेवाली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च
पुतण्याने जवळ बसवून घेतलं. स्वतःच्या हाताने चहा दिला. तेव्हाच ओळखलं.

म्हणाला, काका, तुम्ही मुद्दाम नाही केलं, मला ठाऊक आहे. पण आता थोडे दिवस घरी बसा. गरज लागली की मेसेज करतो. मी विचारलं, गरज म्हणजे कसली? म्हणाला, झाकणांबद्दल वगैरे काही अडलं तर.

अडणारच. माझा अंदाज, आठवडाभरात अडेल. टेबलाचा खण रिकामा केला नाही. मुद्दामच. परत कशाला ने-आण करायची?

चष्मेवाली फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, काका, मधूनमधून येत जा. साळसूद.

४ एप्रिल
मेसेज नाही. पुतण्या फोन कधी करत नाही, मेसेजच करतो. माझ्या मोबाइलमध्ये मी पैसे घालून नेट भरत नाही. टीव्हीमागे घरचा नेटचा डबा आहे, त्याच्यावरच चालतो. मोबाइल उशाशी असतो, चार्ज करून.

वेळ जात नाही म्हणून घर आवरायला काढलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना नीट झाकणं बसवली. इतकी घट्ट की हिला उघडता येत नाहीत, सकाळपासून बोटं मोडतेय माझ्या नावाने. परवा टीव्हीमागे झाडलं. तिथे जळमटं, आणि नेटच्या डब्यातून निघालेल्या एका वायरीचं दुसरं टोक लोंबत. हे ऑफिस नाही, इथे डबा वेगळा, शिवाय बघायला कुणी इंजिनियर नाही. टोक उचललं आणि त्याच डब्यातल्या रिकाम्या भोकात बसवून टाकलं. टक्. किती दिवसांनी ऐकला तो आवाज.

ही म्हणते, परवापासून नेट बंद आहे, लेकीचा चेहरा मोबाइलवर दिसत नाही, तुमच्या त्या बॅगवाल्याला बोलावू का? मी ओरडलो, खबरदार! नेटची कंपनीच चोर आहे, आपोआप येईल.

आज मोबाइल तीनदा बंद करून चालू केला. मेसेज नाहीच. पुतण्या इतका कठोर नव्हता. लहानपणी माझ्याच खांद्यावर बसून गोदामात फिरायचा, झाकणं वाजवायचा.

बाबा रे, निळं चपटं झाकण अर्ध्या लिटरच्या बाटलीला बसतं असं दिसतं, पण बसत नाही, गळतं. हे तिथे कुणालाच माहीत नाही. मला बोलाव. बोलवायचं नसेल तर येऊ नका असं कळव. पण काहीतरी कळव, लवकर कळव. मी मोबाइल हातातच धरून बसलोय.