तिला विचारायला नको होतं

अम्मा, आज क्लासवरून घरी आले आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसून राहिले. लातूरला आता गल्लोगल्ली क्लासेस आहेत. मी ज्या क्लासमध्ये समुपदेशक आहे तिथे झेरॉक्सच्या दुकानाला लागून मला एक छोटी खोली दिली आहे. डॉक्टर व्हायला आलेली सतरा-अठरा वर्षांची मुलं तिथे येऊन बसतात. कुणाला झोप नाही, कुणाच्या पोटात अन्न ठरत नाही. मी त्यांना श्वास मोजायला लावते, पाय जमिनीला नीट टेकवून खोलीत काय काय दिसतंय ते सांगायला लावते. त्यानं बऱ्याच जणांना बरं वाटतं. मग फॉर्म पुढे ओढून विचारायला लागते. इतकी वर्षं तेच विचारून आता मला माझ्याच आवाजाचा कंटाळा येतो.

आज मुखेडकडची एक मुलगी आली. तिचं हे दुसरं वर्ष. पेपरात उत्तराचे गोल भरताना हात इतका थरथरतो, की पेन गोलाच्या बाहेर जातं. मी विचारलं, कधीपासून? घरी कोण कोण असतं? गप्प. ती ज्या तऱ्हेनं मूठ आवळून बसली होती ते बघून माझा हात फॉर्मवरच थांबला, आणि मला तू आठवलीस.

आपण तेव्हा औशाला राहायचो. तू टोपली घेऊन खेडोपाडी बांगड्या भरायला जायचीस. लहानपणी मी सुट्टीत सोबत असायचे. बाईचा हात आखडलेला असला की बांगडी चढत नाही, म्हणून तू आधी नुसता हात धरून बसायचीस, अंगठ्याच्या मुळाशी तेल लावून दाबत राहायचीस. बोलायचीस पावसाचं, शेळीचं, कुणाच्या लग्नाचं. हात सैल पडायचा, आणि बाई आपणहून सासूचं, नवऱ्याचं, गेलेल्या लेकराचं सांगायला लागायची. तू मान हलवायचीस, बस.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला समाजकार्याच्या कॉलेजात होते. आम्हाला दोन दिवस समुपदेशन शिकवलं आणि पडलेल्या गावांत पाठवलं. त्या गावांच्या वाटेवर मी औशाला घरी थांबले, तर तूही निघायची तयारी करून बसलेली. मी म्हणाले, अम्मा, इतक्या बायांचे नवरे गेलेत, तिथं बांगड्या कोण भरणार? तू टोपली घेतलीच नव्हतीस, फक्त तेलाची बाटली पदरात बांधली होतीस. "उनके हातां मेरे पैचान के हैं," म्हणालीस.

तिथे पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिची दोन्ही लेकरं गेली होती. तू तिच्या शेजारी बसून तिची मूठ आपल्या हातात घेतलीस आणि काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, अम्माला यातलं काय कळतं. दुःख बाहेर काढायचं असतं, असं आम्हाला सांगितलं होतं. मी वही उघडली आणि विचारलं, लेकरं कुठं झोपली होती? तिनं सांगितलं. तुम्ही तेव्हा कुठं होता?

"मी वट्यावर व्हते. उकडत व्हतं म्हणून एकलीच भायेर येऊन पडले," ती म्हणाली.

ती अगदी शांतपणे सगळं सांगत गेली आणि मी लिहीत गेले. मला आनंद झाला होता, अम्मा. पहिल्याच दिवशी एक बाई बोलती झाली, असं वाटलं.

आठ दिवसांनी गेलो तर तिच्या जावेनं सांगितलं, की तुम्ही गेल्यापासून हिनं नीट खाल्लेलं नाही. ती शेडच्या बाहेर जाऊन दगडावर बसते, उन्हातही उठत नाही, आणि एकच बोलते, मी भायेर का आले? तू मला बाजूला घेतलंस. आयुष्यात तू माझ्यावर आवाज चढवला नाहीस, त्या दिवशीही नाही.

"हात पकडके बैठना था. पूछने कू कौन बोला तेरेकू?"

मी म्हणाले, आम्हाला असंच शिकवलंय. तू म्हणालीस, तो फिर गलत सिकाए. आणि जाऊन त्या दगडापाशी, तिच्याशेजारी उन्हात बसलीस.

मी नांदेडला परत गेले. तू मात्र दर बाजाराच्या दिवशी एसटीनं तिच्याकडे जात राहिलीस. हे मला तू कधी सांगितलं नाहीस, तिच्या जावेकडून कळलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका दुपारी तिनं तुझ्या हातातून आपला हात सोडवला आणि म्हणाली, "भाभी, बसा. भाकरी टाकते." त्या दिवशी ती पहिल्यांदा पत्र्याखाली चुलीपाशी बसली. दुःख तिचं संपलं नाही, पण ती जगली.

पुढे मोठमोठे डॉक्टर मला शिकवायला आले. तेही म्हणाले, माणसाची तयारी नसताना घडलेलं खणून काढू नका, आधी त्याला सुरक्षित वाटू द्या. मी वहीत लिहून घेतलं. तोवर तू गेली होतीस.

आज मी फॉर्म बंद केला आणि त्या मुलीला म्हणाले, बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसती बस. ती बसली. बाहेर पुढची तीन मुलं ताटकळली, क्लासचे सर दोनदा डोकावून गेले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मॅडम, उद्या बी असंच येऊन बसले तर चालंल का?" मी चालेल म्हणाले. ती येईल का, तिचा हात थांबेल का, मला माहीत नाही. मी फार थकले आहे.

तुला मराठी वाचता येत नव्हतं. हे पत्र तुला वाचून दाखवायला मीच लागले असते, आणि एक गोष्ट मोठ्यानं वाचायचं मला धाडस झालं नसतं, म्हणून ती इथेच लिहून ठेवते. नवीन समुपदेशकांना शिकवताना मी त्या शेडमधली माझी चूक दरवर्षी सांगते. सांगताना म्हणते, आमच्या गटात एक मुलगी होती, तिनं असं विचारलं.