सगळ्या कुलपांची मालकीण

८ सप्टेंबर २०२५. सकाळी सात.
आजपासून हात उचलायचा नाही. डॉक्टर म्हणाला, हरणाबाई, बीपी लय वाढलंय, राग आला की कागदावर लिवत जावा. म्हणून ही वही. खतवाल्याने फुकट दिलेली जुनी डायरी, तारखा खोडून घेतल्या. माझी शाळा चौथीपर्यंत. रागाला तेवढी पुरते.

दुपार.
दहिवडी रस्त्याला आमचा शेळ्यामेंढ्यांच्या पेंडीचा कारखाना. मालक गेल्यापासून बावीस वर्षं मी चालवते. कमरेला अकरा किल्ल्या. आज धनाजी, माझा मुलगा, म्हणतो, किल्ल्या काढ आई, आता समदं सॉफ्टवेअरवर. ही अक्कल त्याची नव्हे, त्याच्या बायकोची. राजेश्वरी. सांगलीची, बीकॉम, हळू बोलते. हळू बोलणारं माणूस मला चालत नाही, मारायला निमित्त सापडत नाही.
धनाजी पुढे म्हणाला, खंडेनवमीपर्यंत ज्याच्या हातून कारखाना नीट चालंल, त्यानं मशिनीपुढं नारळ फोडायचा. बावीस वर्षं तो नारळ मी फोडते. नारळ ज्याचा, कारखाना त्याचा. गावाला ठाऊक आहे.
वहाण फेकली. धनाजीला लागली नाही. म्हणजे हात उचलला असं होत नाही.

१० सप्टेंबर.
सॉफ्टवेअरवाला आला. वीरधवल नाव, इस्त्रीची पँट. आमच्या मेंढ्याने गेटवरच त्याला मागून धडक दिली. पोरगं बसताना वाकडं बसत होतं तरी शिकवत होतं. म्हणतो, आजी, ज्याचं जे काम, त्याला तेवढंच दार उघडायचं. गोदामवाल्याला गोदाम दिसंल, गेटवाल्याला गेट. खरेदी लिहिणाऱ्यानं स्वतःच मंजूर करायची न्हाई. ह्याला रोल म्हणतात.
मी विचारलं, सगळी दारं कोणाला? तो म्हणाला, ॲडमिनला. मी म्हणाले, मग तिथं माझं नाव टाक.  राजेश्वरी चहा ओतत राहिली. कप तिच्या अंगावर ओतावा असं वाटलं. वाटलं फक्त. सुधारणा आहे.

११ सप्टेंबर.
पहिला डाव टाकला. माल गेटबाहेर जायचा तर शेवटी एकाने मोबाइलवर मंजुरी दाबायची, असा नियम. वीरधवल म्हणाला, हे काम वहिनींना द्या, रोज इथंच असतात. मी म्हणाले, का? बिरोबाच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा? थोरल्या घराचा. मग मंजुरीही थोरल्या घराची. माझे थोरले दीर, बाळासो भावजी. मुंबईत हमाली करतात, अंगठ्याचे धनी, गावाकडे फक्त जत्रेला येतात.
पोरगं म्हणालं, आजी, रोल कामावर ठरतो, मानावर न्हाई. मी म्हणाले, काम काय, गाढवबी करतं. मान घरात असावा लागतो. काठी जमिनीवर आपटली. त्याचा पाय मध्ये आला, त्याला मी काय करू.
सून हात चोळत बसली. भावजी नावाला साहेब, चालवणार मी. डोकं लागतं.

१५ सप्टेंबर.
सॉफ्टवेअर सुरू. पहिलीच गाडी शिराळ्याची. पेंड भरून गेटवर उभी. मंजुरी नाही. भावजींचा फोन लागेना. गेटवर लालासाहेब, आमचा रखवालदार, पलटणीतून निवृत्त, मिशीला तेल लावतो. त्याच्या मोबाइलवर लाल अक्षर. तो म्हणतो, हुकूम न्हाई, गाडी न्हाई.
ड्रायव्हरने जॅकचा दांडा काढला. लालासाहेबाने पट्टा काढला. दांडा कपाळावर बसला, पट्टा तोंडावर. दोघे नालीत. एकाचा दात गेला, एकाला पाच टाके. मी भांडण सोडवायला गेले आणि सोडवता सोडवता दोघांनाही चार चार बसल्या. सोडवण्यातल्या मारात धरत नाहीत.
राजेश्वरी हळदीची वाटी घेऊन आली. कोणाला ओरडली नाही. लोकांचं तिच्याबद्दल चांगलं मत होतंय. बघायला पाहिजे.

१६ सप्टेंबर.
दुसरा डाव. वीरधवलला फोन. नवा नियम घाल म्हणाले. आवारात जो हात उचलेल, त्याचं नाव सॉफ्टवेअरमधून बंद. लालासाहेबाने गेटवरून नोंद करायची, झालं काम. पुन्हा उघडायचं तर मंजुरीवाल्यानेच.
पोरग्याने विचारलं, आजी, ह्यो नियम ॲडमिनलापण? मी म्हणाले, सगळ्यांना. त्याने परत विचारलं, नक्की? मी म्हणाले, आरं, मी कशाला हात उचलते? पलीकडे त्याला ठसका लागला. पाणी पीत असेल.
नियम सुनेसाठी आहे. चार दिवसांत तिचा हात उचलायला लावते.

१८ सप्टेंबर.
सुनेचं माहेर काढलं. तिच्या आईची पोळी, बापाची चाल, भावाची बुलेट. मान खाली घालून पोती मोजत होती. म्हणाली, आत्याबाई, पाणी देऊ का, घसा बसंल तुमचा.
थंड रक्ताची बाई.

१९ सप्टेंबर.
सुनेच्या पायावर पेंडीचं पोतं पाडलं. म्हणजे पडलं. तिने पाय चोळला आणि पोतं जागेवर ठेवलं. मला दम लागला.

२२ सप्टेंबर. घटस्थापना.
गाड्या रोज अडतात म्हणून भावजींना गावी बोलावलं. आले. गेटशेजारी खुर्ची टाकून बसले. मोठा मोबाइल धनाजीने घेऊन दिला. हिरवं बटण दाबायचं, एवढंच काम. त्यातही मान. आधी चहा, मग पान, मग पंखा ह्या बाजूला, मग बटण. माणमधले मेंढपाळ पेंडीसाठी सकाळपासून उभे. एकजण म्हणाला, आवं दाजी, मेंढरं उपाशी हायत, दाबा की. भावजी म्हणाले, जत्रेत पालखी थांबती का माझ्याबिगर? मग थांब.
मला वाटलं होतं नावाला साहेब ठेवावा. हा खराच साहेब झाला.
आज कोणाला मारलं नाही. स्वतःच्या मांडीवर चापट मारली, ती मोजत नाही.

२६ सप्टेंबर.
मेंढपाळांनी भावजींची खुर्ची उलटवली. भावजी खाली, वर खुर्ची, त्यावर मेंढा. लालासाहेबाने ती नोंद केली नाही. मी विचारलं का रं? म्हणाला, मेंढ्याचं नाव सॉफ्टवेअरात न्हाई, आक्का.
राजेश्वरीने तेवढ्यात भावजींना उठवलं, अंग झाडलं, गोड बोलून सात गाड्यांची बटणं दाबून घेतली. भावजी तिचाच हात धरून बटण दाबत होते. चांगलं लक्षण नाही.

२९ सप्टेंबर. दुपार.
हे शांतपणे लिहिते. 
खंडेनवमी परवा. पूजेचं साहित्य स्टोअरबाहेर काढायचं, त्यालाही मंजुरी भावजींचीच. भावजी म्हणाले, मंजुरी देतो, पर ह्या वर्षी नारळ मी फोडणार, थोरलं घर माझं. मी म्हणाले, भावजी, कारखाना ह्यांनी उभा केला, मी चालवला. ते म्हणाले, हरणाबाई, मान कुणी दिला मला? तूच ना? आन् हसले. सहा दात आहेत, सहाही दाखवले.
थोरले दीर आहेत. आजवर त्यांच्यासमोर कधी डोकं उघडं ठेवलं नाही. आजही आधी डोक्यावर पदर घेतला. नीट घेतला. मग काठी मारली. एक खांद्यावर, एक मांडीवर, खुर्चीसकट ढकलले तर पेंडीच्या ढिगात गेले, तिथे दोन. आता चार दात आहेत.
लालासाहेब गेटवरून बघत होता. मी म्हणाले, पडले रे. त्याने खिशातून मोबाइल काढला, जीभ बाहेर काढून सावकाश टाईप केलं. सलाम ठोकला. म्हणाला, आक्का, हुकूम तुमचाच हाय.

संध्याकाळ.
माझा मोबाइल म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही. वीरधवलला फोन केला. रडवेला झाला. म्हणाला, आजी, मी दोनदा विचारलं हुतं. उघडायचं तर मंजुरीवालाच उघडू शकतो.
मंजुरीवाला दहिवडीच्या दवाखान्यात आहे.

३० सप्टेंबर.
दवाखान्यात गेले. कोंबडीचा रस्सा नेला. भावजींनी रस्सा प्याला, भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, मी हमालच बरा, बाई. मंजुरी सुनबाईच्या नावावर केली सकाळी. ती मारत न्हाई.
घरी येऊन राजेश्वरीला म्हणाले, उघड माझं नाव. ती म्हणाली, आत्याबाई, नियम तुमचाच हाय, मी मोडला तर गडी काय म्हणतील? खंडेनवमी झाली की बघू.
हळूच म्हणाली. मला वाटतं ती घाबरली आहे.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.
सकाळी गेटवर गेले. हिरवं लुगडं, नथ, हातात माझा नारळ. गेट बंद. लालासाहेब म्हणाला, आक्का, तुमचं नाव बंद हाय, पास करावा लागंल. बावीस वर्षं माझा नोकर. काठी आत स्टोअरला राहिलेली.
त्याने विचारलं, कुणाला भेटायचंय? मी म्हणाले, मशिनीला. तो म्हणाला, यादीत न्हाई. ड्रायव्हर, गवंडी, मेंढपाळ, पाव्हणा, एवढंच हाय. मी म्हणाले, मेंढपाळ लाव. लग्न होऊन आले तेव्हा मेंढरंच हाकत होते.
वर विचारतो, संगं मेंढरं किती?
आत माझ्या जागेवर राजेश्वरी उभी होती. मशिनीला हळदकुंकू, कोयत्याला, जॅकच्या दांड्यालाही. नारळ एका घावात फोडला. गडी ओरडले. मी इतकी वर्षं दोन घावांत फोडायचे.
तिने येऊन पाया पडून प्रसाद दिला. माझ्या उजव्या हातात खोबरं, डाव्या हातात गूळ. माझा नारळ काखेत. दोन्ही हात भरलेले.
हात उचलला नाही. डॉक्टरला सांगायला पाहिजे.
पास सहापर्यंतच होता. पावणेसहाला निघाले.